मोटारीच्या विम्याचा हप्ता कसा ठरतो?

करोंदच्या मंडीत गव्हाची ढेरी लिलावास आली की पारखी व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, ओलावा व काडीकचरा पाहतो आणि मगच बोली करतो. विमा कंपनीही तेच करते. मात्र तिला पारखावयाची असते ती संभाव्य हानी. आपल्या समाजात आज बहुतेक घरी मोटार आहे, कित्येकांच्या मालमोटारीही आहेत. तथापि हप्त्याचा आकडा कोठून आला, हे विचारणारे विरळाच. मीही न विचारणाऱ्यांतलाच होतो.

हप्त्याचे मुख्य भाग दोन. आपल्या गाडीने दुसऱ्यास इजा झाल्यास भरपाई देणारा भाग कायद्याने सक्तीचा आहे; १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील ही तरतूद १९८८ च्या कायद्यातही कायम राहिली. याचा दर कंपनीच्या हाती नाही, तो सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १,००० सी.सी. पर्यंतच्या खाजगी मोटारीस २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ व त्यापुढे ७,८९७ रुपये होते. वीस ते चाळीस हजार किलो भाराच्या मालमोटारीस मात्र ४३,९५० रुपये. आमचे वाहतूकदार यावर कुरकुरतात. परंतु भरलेल्या गाडीखाली माणूस सापडला तर द्यावयाच्या भरपाईस कमाल मर्यादा नाही, हे ते विसरतात.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचेही दर २००६ अखेरपर्यंत सर्व कंपन्यांस एकच होते. १ जानेवारी २००७ पासून त्या मोकळ्या झाल्या. गाडीचे वय, इंजिन आणि नोंदणीचे गाव हे हिशेबाचे आधार. २००२ च्या कोष्टकात पाच वर्षांच्या आतील मध्यम मोटारीस पुण्यात शेकडा ३.२८३, तर भोपाळात ३.१९१ दर होता. मालमोटारींचे विभाग निराळे: राजधानी म्हणून भोपाळ मधल्या विभागात, आणि शेजारचे सीहोर तिसऱ्या, स्वस्त विभागात!

हा दर लावतात तो गाडीच्या घटत्या मूल्यावर. सहा लाखांच्या मोटारीचे तीन वर्षांनंतर चाळीस टक्के वजा जाऊन ३,६०,००० उरतात. हप्ता वाचावा म्हणून काही जण हे मूल्य आणखी खाली लिहवून घेतात. गाडी चोरीस गेली की तेवढेच पदरी पडते, आणि मग कंपनीच्या नावाने बोटे मोडणे आलेच.

सर्वांत मोठी सूट मिळते ती दावा न केल्याबद्दल: पहिल्या वर्षी २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ व शेवटी ५०, तीही केवळ या दुसऱ्या भागावर. एक दावा केला की सारी सूट जाते. म्हणून दोन हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करू नये, असे माझे मत आहे.

येथेच माझी फसगत झाली. पुतण्याची मोटार मी विकत घेतली. विमा उतरविताना प्रतिनिधीने त्याची ५० टक्के सूट माझ्या नावे लिहिली आणि 'मी दावा केलेला नाही' या वाक्याखाली मी न वाचता सही केली. चार हजार रुपये वाचले, याचा आनंदही झाला. पावसाळ्यात अयोध्या बायपासवर मागून धडक बसली, दुरुस्तीचे बिल ४६,००० आले. कंपनीने जुनी नोंद मागविली. ही सूट गाडीची नसते, मालकाची असते; माझे निवेदन असत्य ठरले आणि दावा नाकारला गेला. आयुष्यभर तराजूच्या काट्याशी प्रामाणिक राहिलेल्या माणसास 'खोटे निवेदन' हे दोन शब्द ४६,००० रुपयांहून जड गेले. प्रतिनिधीस दोष देऊन पाहिला. पण सही माझीच होती.

वास्तविक ती सूट पुतण्याच्या हक्काची होती. जुन्या कंपनीकडून तसे पत्र घेतल्यास तीन वर्षांच्या आत ती नव्या मोटारीस लावता येते. त्याने पत्र घेतलेच नव्हते. मी त्याला ते मागावयास लावले, आणि त्याच्या नव्या मोटारीचा हप्ता त्यामुळे कमी झाला.