सुट्टीतली सायकल आणि बैलाचा न्याय

शेतकऱ्याला वेगळा व्यायाम कशाला हवा, असा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु शेतातले काम हे वाकण्याचे, उचलण्याचे व ओढण्याचे. त्यात कंबर आणि खांदे झिजतात. हृदयाला व फुप्फुसांना सलग, एका लयीत चालणारे काम क्वचितच मिळते. शिवाय आता पंप बटणावर चालतो, नांगरट ट्रॅक्टर करतो आणि बांधावर जायला मोटारसायकल असते. ज्या सायकलीवरून वडिलांनी दूध व भाजी वाहिली, ती गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजत पडली आहे. जोडून आलेल्या सुट्टीत तीच काढावी आणि लांबच्या पल्ल्याला जावे, असे आम्ही सुचवतो.

उदाहरणासाठी ग्वाल्हेर ते झाशी हा रस्ता घेऊ. मराठी माणसाला तो परका नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरून निघाले आणि पायपीट करीत उत्तरेकडे गेले. ग्वाल्हेर व झाशी त्यांनी त्या धामधुमीत डोळ्यांनी पाहिली. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली छापले गेले. आज हा चौपदरी महामार्ग आहे. ग्वाल्हेरहून डबरा सुमारे ४० किलोमीटर, दतिया सुमारे ७५ आणि झाशी सुमारे १००. रस्ता बहुतेक सपाट, त्यामुळे बिनगिअरची काळी सायकलही चालते. दतियाला राजा बीरसिंह देवाचा सातमजली महाल आहे. झाशीला किल्ला आहे, तसेच संत ज्यूड यांचे तीर्थमंदिरही आहे. त्यांचा सण २८ ऑक्टोबरला असतो. त्या दिवसांत गर्दी फार, म्हणून मुक्कामाची सोय आधी पाहून ठेवावी.

सुट्टी कोणती निवडावी? मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा हा विचारही नको. नाताळ व २६ जानेवारीची सुट्टी थंडीची खरी, पण त्या दिवसांत पहाटे दाट धुके पडते आणि दहा पावलांवरचे दिसत नाही. राहता राहिला ऑक्टोबरचा शेवट आणि फेब्रुवारी. या भागात मोहरी ऑक्टोबरात पेरतात व पहिले पाणी साधारण महिन्याने देतात. गव्हाची पेर नोव्हेंबरात येते. या दोन कामांमध्ये चार दिवसांची उसंत मिळते. दिवाळी त्याच सुमारास आली तर सोन्याहून पिवळे.

आता मुख्य गोष्ट. आपण बैल कसा वापरतो ते आठवा. पहाटे जुंपतो, ऊन चढले की सोडतो, पाणी पाजतो, सावलीत बांधतो, वैरण वेळेवर टाकतो. नवा खोंड पहिल्याच दिवशी दिवसभर औताला कोणी धरीत नाही. हे सारे शहाणपण आपण जनावराला लावतो आणि स्वतःच्या शरीराला मात्र विसरतो. सुट्टीच्या फेरीत माणसे आजारी पडतात ती बहुधा याच विसरामुळे. दुपारी उन्हात रेटणे, तहान लागेपर्यंत न पिणे, भूक लागल्यावर एकदम पोटभर खाणे आणि दुसऱ्याच्या पुढे जाण्याची ईर्ष्या ही त्याची कारणे.

जगभर ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या होतात, आपल्या देशातही होतात. त्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास दिलेले असतात. म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरही पुरेत. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पोहोचला तो यशस्वी. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. ते दोघे आळीपाळीने सायकल चालवीत, आणि त्यांच्या खाण्यापिण्याकडे व झोपेकडे पाहणारी माणसे बरोबर होती. एवढ्या तयारीच्या सायकलपटूंनाही वेळेवर वैरणपाणी लागते, मग आपली काय कथा!

म्हणून पहाटे उजाडताच निघावे आणि अकराच्या आत दिवसाचा मोठा टप्पा संपवावा. बोलता येईल इतक्याच वेगाने जावे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करावा. दर तासाला अर्धा लिटरच्या आसपास पाणी घोट घोट प्यावे, ऊन असल्यास थोडे अधिक. मात्र नुसते पाणी बेसुमार पिऊ नये; घामाबरोबर मीठही जाते आणि रक्तातले मीठ फार उतरले तर डोके गरगरते, उलट्या होतात. दवाखान्यात मिळणारी क्षारसंजीवनीची पुडी जवळ ठेवावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. अशाच प्रकारच्या साध्या मिश्रणाने डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकीचे असंख्य रोगी वाचविले. साखरेच्या जोडीने मीठ व पाणी आतड्यातून लवकर शोषले जाते, हे त्यामागचे कारण.

खाणेही थोडे थोडे, तासातासाने. केळे, गूळ-शेंगदाणे, भाकरी-चटणी चालेल. थंडी पडू लागली की मुरैन्याची तीळ-गुळाची गजक मिळते. २०२३ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. वाटेत खायला तिच्यासारखे काही नाही. तळलेली कचोरी मुक्कामाला पोहोचल्यावर खावी.

सायकलीचे बसणे नीट नसेल तर गुडघे दुखणारच. पायंडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जेमतेम सरळ व्हावा, एवढी बैठक उंच करावी. दर पंधरा मिनिटांनी पायंडलवर क्षणभर उभे राहावे, म्हणजे जांघेत मुंग्या येत नाहीत. कपडे सुती, कोरडे व जाड शिवण नसलेले असावेत. निघण्यापूर्वी महिनाभर रोज थोडे, आठवड्यातून एकदा अधिक, असा सराव हवा. छातीत दुखणाऱ्यांनी व मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

कोणी भरउन्हात असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

रस्त्यावर हेल्मेट, पुढे दिवा व मागे लाल दिवा हवाच. अंधारात सायकल चालवू नये. येथे शेतकऱ्यांना एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. संध्याकाळी दिव्याविना उभी असलेली ट्रॉली आणि उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर बहुधा आपल्यापैकीच कोणाचा असतो. मागच्या फळीवर लाल चकाकणारी पट्टी लावायला फारसा खर्च येत नाही. सुट्टीला निघण्यापूर्वी एवढे काम प्रत्येकाने करावे. कोणाचा तरी मुलगा वाचेल.

पहिल्या दिवशी दतियाला मुक्काम, दुसऱ्या दिवशी उरलेले पाऊणशे नव्हे, फक्त पंचवीस-तीस किलोमीटर आणि झाशीदर्शन, तिसऱ्या दिवशी सायकल आगगाडीच्या सामानाच्या डब्यात देऊन परत, असा बेत आम्हांला शहाणपणाचा वाटतो. परतल्यावर दुसऱ्या सकाळी शेतात उभे राहता आले पाहिजे.

शेवटी घरचा हिशेब. म्हशींना सुट्टी नसते. तीन दिवस धारा कोण काढणार, पाण्याची पाळी कोण सांभाळणार, हे निघण्यापूर्वी घरात बसून ठरवावे. नाहीतर सुट्टी एकाची आणि दुप्पट काम घरधनिणीचे, असे होते. तिलाही सायकल येते. येत नसेल तर महिन्याभराच्या सरावात येईल. फेब्रुवारीतल्या फेरीला तिने जावे आणि धारा आपण काढाव्यात.