उपचारानंतरची दोन वर्षं

केनियाची राजधानी नैरोबी इथं २०११ मध्ये ४०० स्त्रियांवर एक चाचणी सुरू झाली. सगळ्या एचआयव्हीबाधित, आणि सगळ्यांच्या गर्भाशयमुखावर कर्करोगाच्या आधीच्या पायरीचे गंभीर बदल झालेले. निम्म्या जणींना क्रायोथेरपी दिली, निम्म्या जणींवर ‘लीप’ शस्त्रक्रिया केली आणि पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासलं. क्रायोथेरपीनंतर ३० टक्के जणींमध्ये आजार परतला, लीपनंतर १९ टक्के जणींमध्ये. अधिक गुणकारी उपचार मिळूनही पाचातल्या जवळपास एकीला पुन्हा तेच दुखणं!

क्रायोथेरपीत थंडगार धातूची टोपी गर्भाशयमुखावर टेकवतात. तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा तीन मिनिटं गोठवायचं. भूल लागत नाही, खर्च कमी, प्रशिक्षित परिचारिकाही हे करू शकते. पण गोठवण्याचा परिणाम काही मिलिमीटर खोलीपर्यंतच पोहोचतो. लीपमध्ये विजेच्या बारीक तारेनं तो भागच कापून काढतात. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतो आणि कडेला खराब पेशी उरल्यात का, हेही कळतं.

तरी आजार परततो, कारण बदललेल्या पेशी काढल्या म्हणजे हे बदल घडवणारा एचपीव्ही हा विषाणू गेला असं होत नाही. शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या पेशींत तो दबून राहतो. एरवी बहुतेक स्त्रियांचं शरीर दोनेक वर्षांत त्याला आवरतं. एचआयव्हीनं नेमकी तीच ताकद खच्ची केलेली असते. म्हणूनच या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सहापट आहे. एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, म्हणजे एआरटीच्या गोळ्या लवकर सुरू झाल्या आणि न चुकता घेतल्या, तर धोका घटतो. पण संपत नाही.

मग आशा होती लशीची. जोहान्सबर्गमध्ये एचआयव्हीबाधित स्त्रियांना लीपच्या जोडीनं एचपीव्हीची लस देऊन पाहिली. पुनरावृत्ती कमी झाली नाही. लस नव्या संसर्गाला अडवते, आत बसलेल्याला हुसकावत नाही. मुलींना ती वेळेवर देणं म्हणूनच इतकं मोलाचं.

उरतो तो पाठपुरावा, आणि गाडी अडते ती इथंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांनुसार एचआयव्हीबाधित स्त्रीची तपासणी पंचविसाव्या वर्षापासून सुरू व्हावी. उपचारानंतर बारा महिन्यांनी पुन्हा चाचणी, तीत काही आढळलं नाही तरी त्यानंतर बारा महिन्यांनी आणखी एक. पण हे बदल दुखत नाहीत, रक्त जात नाही. पांढरं जाणं थांबलं, जखम भरली, की ‘आता बरं आहे’ म्हणून बाई रोजगाराला लागते. तिला बेफिकीर म्हणणं अन्यायाचं आहे. एक दिवसाची मजुरी बुडवून, घरी कारण सांगून, पुन्हा तपासणीच्या टेबलावर झोपायला यायचं म्हणजे सोपं नसतं.

झांबियानं २००६ पासून ही तपासणी एचआयव्हीच्या उपचारसेवेलाच जोडली. परिचारिका गर्भाशयमुखाचे फोटो काढतात, शंका आली तर डॉक्टरांना दाखवतात आणि जमेल तिथं त्याच भेटीत उपचारही करतात. महाराष्ट्रातही एचआयव्हीबाधित स्त्रिया गोळ्यांसाठी ठरलेल्या तारखांना एआरटी केंद्रात येतातच. पुढच्या तपासणीची तारीख गोळ्यांच्याच कार्डावर लिहिली, तर तपासणीसाठी वेगळी खेप पडणार नाही.