गॅस नायट्रायडिंग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोलादाचा गाभा चिवट ठेवून केवळ पृष्ठभाग कठीण करण्याच्या पद्धतींपैकी गॅस नायट्रायडिंग ही एक. बंद भट्टीत साधारण 500 ते 550 अंश सेल्सिअसला अमोनिया सोडला जातो. तापलेल्या पोलादाला लागताच त्याचे विघटन होते आणि मोकळा झालेला अणुरूप नायट्रोजन पृष्ठभागातून आत शिरतो. जर्मनीतील क्रुप कारखान्यात अॅडॉल्फ फ्राय यांनी 1920च्या दशकात ही पद्धत आणि तिला साजेशी पोलादे विकसित केली. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत ओतकाम व मशिनिंगचे काम मोठे आहे. शाफ्ट, गिअर, डाय यांच्या ड्रॉईंगवर ‘नायट्रायडिंग’ हा शब्द वारंवार येतो आणि त्याबरोबर काही गैरसमजही येतात.

गैरसमज: हा क्रोम प्लेटिंगसारखा मुलामा आहे.
वस्तुस्थिती: प्लेटिंगमध्ये वेगळा धातू वर चढतो, इथे पोलादाचाच पृष्ठभाग बदलतो. सर्वांत वर लोह नायट्राइडचा काही मायक्रॉन जाडीचा थर असतो, त्याला व्हाइट लेअर म्हणतात. त्याखाली नायट्रोजन मुरलेला थर असतो आणि खरा कठीणपणा टिकतो तो याच थरामुळे. व्हाइट लेअर जाड झाला तर ठिसूळ होऊन त्याचे टवके निघतात.

गैरसमज: नायट्रोजनचा सिलिंडर जोडला की काम होते.
वस्तुस्थिती: नायट्रोजनच्या रेणूतील बंध इतका बळकट असतो की या तापमानाला तो तुटत नाही; म्हणून अमोनिया लागतो. विघटन किती झाले हे काचेच्या ब्युरेटने मोजतात. भट्टीतून बाहेर येणारा वायू ब्युरेटमध्ये भरून त्यात पाणी सोडतात. शिल्लक अमोनिया पाण्यात विरघळतो व त्याची जागा पाणी घेते. जेवढा भाग रिकामा राहतो, तेवढे विघटन. एकटप्पी पद्धतीत ते साधारण 15 ते 30 टक्के राखतात. सिलिंडरमधला नायट्रोजन लागतो तो भट्टीतील हवा बाहेर काढण्यासाठी, कारण अमोनिया व हवेच्या ठरावीक मिश्रणाचा स्फोट होऊ शकतो.

गैरसमज: कोणतेही पोलाद चालते.
वस्तुस्थिती: अॅल्युमिनियम, क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम ही मूलद्रव्ये नायट्रोजनशी संयोग पावून अतिसूक्ष्म कण तयार करतात आणि त्यातून कठीणपणा येतो. अॅल्युमिनियमयुक्त ईएन 41बी पोलाद 1000 व्हिकर्सच्या आसपास जाते. ईएन 19 त्याच्या बरेच खाली राहते. ईएन 8सारख्या साध्या कार्बन पोलादात ही मूलद्रव्ये नसल्याने तसा कठीणपणा मिळत नाही. साध्या बिडाचेही तेच.

गैरसमज: भट्टीतून काढल्यावर जॉबला पाणी द्यावे लागते.
वस्तुस्थिती: पाणी किंवा तेल काहीच द्यावे लागत नाही, जॉब भट्टीतच सावकाश थंड होतो. गाभ्याचे हार्डनिंग व टेंपरिंग आधीच झालेले असावे लागते. टेंपरिंगचे तापमान नायट्रायडिंगपेक्षा किमान 30 अंशांनी जास्त ठेवतात, नाहीतर भट्टीत गाभा मऊ पडतो.

गैरसमज: मापात अजिबात फरक पडत नाही.
वस्तुस्थिती: तापमान कमी आणि अचानक थंड करणे नाही, म्हणून जॉब फारसा वाकत नाही, पण नायट्रोजन शिरल्याने माप किंचित, मायक्रॉनच्या हिशेबात, वाढते. मशिनिंगमधले अंतर्गत ताण आधी काढले नाहीत, तर लांब शाफ्ट भट्टीत वाकतो. नंतर ग्राइंडिंगला जास्त माल ठेवला, तर कमावलेला थरच घासून जातो.

गैरसमज: तास दुप्पट केले की थर दुप्पट होतो.
वस्तुस्थिती: थराची खोली वेळेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट खोलीसाठी सुमारे चौपट वेळ लागतो. अर्धा मिलिमीटरच्या आसपासच्या थरासाठी दोन-तीन दिवस भट्टी चालू ठेवावी लागते. म्हणूनच अतिशय जड भार घेणाऱ्या गिअरसाठी जाड थर देणारे कार्बुरायझिंग निवडले जाते.

गैरसमज: रॉकवेल सी मशिनवर तपासले की पुरे.
वस्तुस्थिती: रॉकवेल सीचा 150 किलोचा भार पातळ थर भेदून गाभ्यापर्यंत पोचतो आणि आकडा कमी दाखवतो. योग्य चाचणी कमी भाराची व्हिकर्स. थराची खोली पाहण्यासाठी त्याच भट्टीत ठेवलेला नमुना कापतात, पॉलिश करतात आणि काठापासून आत ठरावीक अंतराने कठीणपणा मोजतात. गाभ्यापेक्षा 50 व्हिकर्सने जास्त असलेला आकडा जिथे मिळतो, तिथपर्यंतची खोली थराची खोली म्हणून धरण्याचा प्रघात आहे.

नायट्रायडिंगचा निकाल बराचसा भट्टीचे झाकण लागण्यापूर्वीच ठरतो. त्यामुळे ड्रॉईंगवर केवळ ‘नायट्रायडिंग’ असे न लिहिता पोलादाचा ग्रेड, आधीच्या टेंपरिंगचे तापमान, थराची खोली, कठीणपणा आणि तो मोजण्याचा भार या पाच गोष्टी स्पष्ट लिहाव्यात.