फॉरमॅट मारण्याआधी

मध्य प्रदेशात धारहून मांडूला जाताना वाटेत नालछा लागतं. अशा गावात घरी प्रिंटर क्वचितच असतो. परीक्षेचा अर्ज, जातीचा दाखला, समग्र आयडी, काहीही हवं असलं तरी कागद पेनड्राइव्हवर घ्यायचे आणि एमपी ऑनलाइनचा कियोस्क गाठायचा. असल्या दुकानातल्या कॉम्प्युटरला दिवसभरात किती जणांचे पेनड्राइव्ह लागतात, याची मोजदाद दुकानदारही ठेवत नाही. मग ते दुकान नालछ्यातलं असो की नाशिकमधलं. तोच पेनड्राइव्ह घरी येतो, लावून पाहावा तर आतले फोल्डर गायब आणि त्याच नावांचे शॉर्टकट हजर. नेमका त्याच आठवड्यात ब्राउझरही दोन-तीनदा आपोआप बंद पडतो. घरातला निकाल ठरलेला असतो: व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारावं लागणार.

या निकालात दोन वेगवेगळ्या दुखण्यांची सरमिसळ झालेली असते.

आधी पेनड्राइव्ह. फोल्डर गेलेले नसतात, लपवलेले असतात. हा मालवेअर, म्हणजे उपद्रवी प्रोग्राम, फाइलींवर ‘लपलेली’ आणि ‘सिस्टमची’ असे दोन शिक्के मारतो आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. त्यावर क्लिक केलं की आधी मालवेअर चालू होतो आणि मग संशय येऊ नये म्हणून खरा फोल्डरही उघडतो. पेनड्राइव्ह नुसता लावला की लागण होते, ही समजूत जुन्या काळातली. तेव्हा प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या ऑटोरनमुळे तसं सर्रास होत होतं. विंडोज 7 मध्ये पेनड्राइव्हपुरतं ते बंदच झालं आणि फेब्रुवारी 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टासाठीही तसं अपडेट दिलं. तेव्हापासून या जातीच्या मालवेअरला माणसाच्या क्लिकची गरज लागते. म्हणून शॉर्टकट न उघडता आधी पेनड्राइव्ह स्कॅन करावा. मग फोल्डरच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फाइली आणि सिस्टमच्या फाइली, दोन्ही दाखवायला सांगावं. बहुतेक वेळा सगळा ऐवज जागच्या जागी सापडतो.

आता ब्राउझर. तो बंद पडला म्हणजे व्हायरसच, हा गैरसमज सगळ्यात चिवट. व्हायरसविना तर अख्खे कॉम्प्युटरही कोसळतात: 19 जुलै 2024 ला जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडदे दाखवत कोलमडले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यामागे ना व्हायरस होता, ना हल्ला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचंच एक अपडेट सदोष निघालं होतं. राखणदाराच्याच हातून दिवा पडावा, तसला प्रकार.

घरच्या ब्राउझरची कारणं याहून साधी असतात. मेमरी 4 जीबी आणि उघडे टॅब तीस. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जुना. नाहीतर कधीतरी हौसेने घातलेलं एखादं एक्स्टेन्शन. क्रोम 2008 मध्ये आला तोच प्रत्येक टॅबला साधारण वेगळी प्रक्रिया देण्याची रचना घेऊन. त्यामुळे एकच टॅब ‘ऑ, स्नॅप’ म्हणत मान टाकत असेल तर दोष बहुधा त्या पानाचा किंवा अपुऱ्या मेमरीचा. सगळा ब्राउझरच नाहीसा होत असेल तर एक्स्टेन्शन, बिघडलेलं प्रोफाइल किंवा ड्रायव्हर यांच्याकडे पाहावं. फायरफॉक्सच्या मेनूत मदतीखाली ट्रबलशूट मोड आहे. त्यात एक्स्टेन्शन आणि हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन तात्पुरती बंद राहतात. तिथे ब्राउझर सुरळीत चालला तर चोर अर्धा सापडला. क्रोममध्ये नवं प्रोफाइल उघडून साधारण हीच परीक्षा घेता येते.

बरं, ब्राउझरच नव्हे तर दुसरे प्रोग्रामही अधूनमधून कोसळत असतील, तर संशय मेमरीवर घ्यावा. त्यासाठी विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक नावाची तपासणी आयती असते. गल्लीतला दुरुस्तीवाला रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसतो, त्याला हसू नये. दातांवरची घाण निघून संपर्क सुधारतो आणि पुष्कळदा यंत्र खरोखर शुद्धीवर येतं.

फॉरमॅटने सगळं धुऊन निघतं, हे अर्धसत्य. सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो, डी ड्राइव्हवरचा संसार तसाच राहतो, आणि तो लागण झालेला पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात वाट पाहत असतो. त्यात नवीन विंडोज चोरीची घातली, सोबत ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ चालवला आणि तो अडवतोय म्हणून अँटिव्हायरस बंद केला, की मालवेअरला दार आपणच उघडून दिलं. असले क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटर हा मालवेअर घरात शिरण्याचा राजमार्ग आहे. फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारं ‘स्टॉप’ हे रॅन्समवेअरचं कुटुंब मुख्यतः याच वाटेने पसरलं. त्यातल्या 148 प्रकारांसाठी एमसिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने ऑक्टोबर 2019 मध्ये कुलूप उघडणारं साधन फुकट दिलं. मात्र ज्यांनी वैतागून डिस्क आधीच फॉरमॅट केली होती, त्यांच्याकडे उघडायला काही उरलंच नव्हतं. कुलूपबंद फायलींची प्रत बाजूला काढून ठेवावी. मालवेअर काढला म्हणून फायली उघडत नाहीत, पण पुढेमागे किल्ली निघू शकते.

दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट सुरक्षा, असंही मानलं जातं. एकाच फायलीवर दोघे एकदम झडप घालतात, एकमेकांच्या हालचाली संशयास्पद ठरवतात, आणि मधल्या मध्ये कॉम्प्युटर रांगू लागतो. 2012 च्या विंडोज 8 पासून डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजसोबतच येतो. दुसरा घातला की तो स्वतःची पहारेदारी आवरती घेतो. विकतचा घ्यायचा तर एकच घ्यावा. मराठी वाचकाला इथे क्विक हील आठवणारच. रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत करत कॉम्प्युटरच्या दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांमधले व्हायरस काढायला धाकटे भाऊ संजय प्रोग्राम लिहू लागले आणि 1990 च्या दशकात त्याच दुकानातून हे उत्पादन उभं राहिलं. 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

‘क्लीनर’ घातला की कॉम्प्युटर निर्धोक, या समजुतीला 2017 मध्ये सणसणीत उत्तर मिळालं. सीसीक्लीनर या नावाजलेल्या सफाई-प्रोग्रामची 5.33 ही आवृत्ती अधिकृत जागेवरूनच मालवेअरसकट वाटली गेली आणि सुमारे 22 लाख 70 हजार कॉम्प्युटरवर पोचली.

पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले’ अशी पाटी उगवते, ती पुष्कळदा मालवेअरचीही नसते. कुठल्याशा साइटने ‘सूचना पाठवू का’ विचारलं आणि घाईत ‘हो’ दाबलं गेलं, एवढाच इतिहास. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सूचनांच्या यादीतून ती साइट काढली की पाट्या थांबतात. पाटीवरच्या नंबरला मात्र फोन करू नये; पैसे गेलेच तर 1930 या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावं.

‘आमच्याकडे काय आहे चोरायला?’ हा प्रश्न धारपासून देवासपर्यंत सारखाच ऐकू येतो. पासवर्ड असतात, बँकेचं लॉगिन असतं. आणि काहीच नसलं तरी दुसऱ्यांवर हल्ला करायला फुकटचं यंत्र असतं. अशा परस्पर राबवल्या जाणाऱ्या यंत्रांच्या टोळीला बॉटनेट म्हणतात. तिच्या बंदोबस्तासाठीच सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने 21 फेब्रुवारी 2017 ला सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. तिथे सफाईची साधनं फुकट मिळतात.

लागण खरोखर झालीच असेल तर कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी इंटरनेट तोडावं आणि डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावावं. चालू विंडोजमध्ये मालवेअर स्वतःला लपवू शकतो, तर हे स्कॅन विंडोज सुरू होण्याआधीच कामाला लागतं. साधारण पंधरा मिनिटं जातात. मग अनोळखी प्रोग्राम काढावेत आणि एक्स्टेन्शनची यादी नजरेखालून घालावी. इथे एक मेख आहे. क्रोमचं सिंक चालू असेल तर फॉरमॅट करूनही खात्यात लॉगिन करताच तेच वाह्यात एक्स्टेन्शन आपल्या पायांनी परत येतं. म्हणून सिंक चालू असतानाच ते एक्स्टेन्शन काढून टाकावं, म्हणजे खात्यातूनही जातं. विंडोज 7 वर अडकलेल्यांना क्रोम 109 च्या पुढे मिळत नाही, आणि विंडोज 10 चा नियमित आधारही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. या दोन्ही विंडोजवाल्यांनी सफाईइतकाच विचार विंडोज बदलण्याचाही करावा. पासवर्ड शेवटी बदलायचे, आणि तेही सफाई झालेल्या यंत्रावरून किंवा दुसऱ्याच फोनवरून. आधी बदलले, तर नवेही त्याच चोराच्या हाती जातात.