श्रद्धेला घरचा शब्द

'अवतार' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. देव माणसाच्या रूपात आला असं म्हटलं की आपल्या तोंडी आपोआप तोच शब्द येतो. देव येशूच्या रूपात मनुष्य झाला, असं ख्रिस्ती माणूसही मानतो. पण मराठी ख्रिस्ती ग्रंथांत त्याला 'अवतार' म्हणत नाहीत, 'देहधारण' म्हणतात. कारण अवतार अनेक असतात, पुन्हा पुन्हा होतात. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देवाचं मनुष्य होणं एकदाच घडलं. शब्द चुकला तर सिद्धान्तच बदलतो.

मी मुसलमान, आणि कविता मराठीत लिहितो. हजरत ईसा आमचेही पैगंबर. त्यांच्या आईच्या, मरियमच्या नावाची सूरा कुराणात आहे. मात्र ईश्वराला पुत्र आहे, किंवा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव आहे, हे त्रैक्याचं मत माझ्या श्रद्धेला मान्य नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं बोलणं मोकळं होतं. तरीही मराठी ख्रिस्ती लेखकांना मी आयुष्यभर वाचत आलो, कारण त्यांची अडचण ती माझी अडचण. देवाविषयी बोलायला लागावं तर मराठीतला प्रत्येक शब्द आधीच कुणाच्या तरी देवघरात बसलेला असतो. तो तिथून उचलायचा, की आपला वेगळा घडवायचा?

फादर थॉमस स्टीफन्स यांनी बेधडक उचलला. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचं 'ख्रिस्तपुराण' राशोलला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, पण पुराण ऐकायची सवय कशी सुटणार? स्टीफन्सनं ती ओळखली. ओवी घेतली, 'पुराण' हे नाव घेतलं, आणि स्वर्गासाठी चक्क 'वैकुंठ' हा शब्द घेतला. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. बोली अर्थातच सुटली नाही. फर्मानांनी भाषा सुटत्या तर काय हवं होतं!

काही शब्द मात्र सहज जुळून आले. 'कृपा' हा त्यातला एक. माणूस आपल्या पुण्याईच्या हिशेबावर तरत नाही, देव देतो म्हणून तरतो, हे ख्रिस्ती विचाराचं मर्म. बायबलमधला उधळ्या पुत्राचा दृष्टांत आठवा. वाटणी घेऊन गेलेला, सगळं उडवून डुकरं राखायची पाळी आलेला मुलगा घरी परत येतो. क्षमा कशी मागायची ते त्यानं घोकून ठेवलेलं असतं. पण बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जाऊन मिठी मारतो, आणि घोकलेलं वाक्य पुरतं संपायच्या आतच नवा झगा आणायला सांगतो. वारकऱ्याला हे परकं वाटणार नाही, आणि 'रहमत' शब्दावर वाढलेल्या मलाही वाटत नाही. घरी राबलेल्या थोरल्या भावाला राग येतो, तोही आपल्या ओळखीचाच. प्रत्येक घरात एक थोरला असतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशानं नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते सांगत. म्हणून त्यांनी ख्रिस्ताचे अभंग रचले, कीर्तनं केली.

बाप्तिस्मा म्हणजे पाण्यानं होणारा संस्कार. त्यातून माणूस ख्रिस्ती मंडळीत येतो. पण आपल्याकडे पाणी म्हटलं की दुसराच प्रश्न उभा राहतो : कुणाच्या हातचं? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी कितीदा वाचली असतील, आणि दर वेळी मी याच पाण्यापाशी थांबतो. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा बाई हिंदूच राहिल्या. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या नवऱ्याकडे राहायला आल्या, पण स्वतःचं सोवळं घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. घरात धर्माची चर्चा कमी नव्हती. तरी पाद्र्याच्या प्रवचनानं किंवा नवऱ्याच्या युक्तिवादानं त्यांचं मन वळलं असं दिसत नाही. त्यांनी स्वतःच विचार केला की हे जातीचे भेद देवानं केले की माणसानं? माणसानं, असं उत्तर मिळाल्यावर आधी विटाळ सुटला, पाणी एक झालं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. पुस्तकातला क्रम वेगळा असेल, त्यांच्या आयुष्यात सिद्धान्त स्वयंपाकघरातून आला.

टिळकांनाही अखेरीस या संस्काराची चौकट अपुरी वाटू लागली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. दोन वर्षांत ते गेले. हा प्रयोग पुढे कुठवर गेला असता, याचं कुतूहल मला अजून आहे.

पंडिता रमाबाईंची वाट याच्या उलट. संस्कृतच्या एवढ्या जाणकार, पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं ते साध्या बायकांना कळेल अशा शब्दांत. जुन्या तत्त्वज्ञानाची सावली असलेले भारदस्त शब्द त्यांना नको होते. हे काम त्यांनी १९२२ साली मृत्यू येईपर्यंत केलं. आश्रमातल्याच बायका छापखान्यात खिळे जुळवत. कवी म्हणून माझा ओढा टिळकांकडे, त्यांच्या ओळीला नाद आहे. पण ज्या बाईला 'मोक्ष' शब्दानं आयुष्यभर उंबऱ्याबाहेरच ठेवलं, तिच्यासाठी रमाबाईंचंच बरोबर होतं, हेही मला कळतं.

कॅथलिकांची प्रार्थना तर १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत लॅटिनमध्येच चाले. वसईच्या वाडीतला शेतकरी घरी आपली बोली बोलायचा आणि चर्चमध्ये लॅटिन ऐकायचा. परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. हे मला आतून समजतं. आमची नमाज अरबीत आणि ती तशीच राहणार, त्यात गोडीही आहे. पण नमाजीनंतर हात उचलून दुआ मागताना मनातलं येतं ते घरच्या बोलीत. आमच्या पनवेलच्या बेथ एल सिनेगॉगमध्ये प्रार्थना हिब्रूत होते, पण त्याच बेने इस्राएल समाजानं मराठीत कीर्तनं रचली.

वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं चालवलं, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, आणि 'सुबोध बायबल' लिहिलं. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा एका धर्मगुरूला हे पद कशाला, म्हणून विरोध झाला. पाठीच्या दुखण्यानं बेजार असूनही ते आले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

ख्रिस्ती बायबलमधल्या एका पुस्तकाचं मराठी नाव 'प्रेषितांची कृत्ये'. तिथं प्रेषित म्हणजे येशूनं पाठवलेले शिष्य. आणि मराठी मुसलमान लिहितो 'प्रेषित मुहम्मद'. एकच शब्द दोन घरांत नांदतो, अर्थ थोडा वेगळा, आणि दोघांचंही त्यावाचून अडतं.

परवा माझ्याच एका कवितेत 'रहमत' आला. 'कृपा' लिहून पाहिलं, मग 'दया' लिहून पाहिलं. ओळ दोन्हींत बसत होती. शेवटी 'रहमत'च ठेवला. संपादकांनी आता तळाला टीप मागितली आहे.