द्यूतनगरीची आगगाडी

इंदूरच्या मराठी माणसाला लोहमार्गाची वाट पाहणे नवे नाही. आमच्या मातोश्रींचे माहेर नाशिकचे. लहानपणी आजोळी जायचे म्हणजे मीटरगेजने खांडव्यापर्यंत, तेथे ट्रंका-वळकट्या उतरवून दुसरी गाडी, मग नाशिकरोड. नाहीतर बसने सेंधव्याचा घाट, धुळे, मालेगाव. इंदूर-मनमाड सरळ मार्ग होणार, होणार, असे ऐकता ऐकता आमच्या पिढीचे केस पांढरे झाले. अखेर २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नेवाडा राज्यात दुसऱ्या एका चिरप्रतीक्षित लोहमार्गाची पहिली कुदळ पडली होती. हा मार्ग दक्षिण कॅलिफोर्नियाला लास व्हेगास या जुगारनगरीशी जोडणार आहे. त्याची हकीकत मला परकी वाटली नाही, याचे कारण वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

माझा भाचा अनाहाइमला असतो. मागे एका हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो असता तो म्हणाला, "मामा, आता आलाच आहात तर लास व्हेगास पाहून या. मी नेतो. मात्र परतताना कंटाळू नका." लॉस एंजेलिसच्या परिसरातून हे अंतर सुमारे ४३० किलोमीटर. कहोन नावाचा घाट चढला की मोहावीचे वाळवंट लागते, आणि मोटार मोकळी धावली तर चार-साडेचार तासांत माणूस पोहोचतो. परतीचा दिवस रविवार होता. राज्याच्या सीमेशी मोटारींची जी रांग लागली ती तासन् तास हलेना. भाचा शांतपणे म्हणाला, "हे दर रविवारचे आहे." (मी तेथे दहा डॉलर घालविले, हे अद्याप घरी सांगितलेले नाही.)

गंमत अशी, की हे शहर जन्माला घातले तेच मुळी आगगाडीने. 'लास व्हेगास' या स्पॅनिश शब्दांचा अर्थ 'कुरणे'. वाळवंटात येथे झरे होते, वाफेच्या इंजिनांना पाणी हवे होते. लॉस एंजेलिसहून सॉल्ट लेक सिटीकडे जाणाऱ्या रेल्वे कंपनीने मे १९०५ मध्ये रुळांलगतच्या जमिनीचा लिलाव केला आणि गाव वसले. नेवाडाने जुगाराला कायद्याची मान्यता दिली ती पुढे १९३१ साली. १९७१ मध्ये जुने स्थानक पाडून त्या जागी कॅसिनोसह एक मोठे हॉटेल बांधण्यात आले. १९७९ पासून 'डेझर्ट विंड' नावाची गाडी येऊ लागली, तिचे स्थानक या हॉटेलातच होते. उतारू गाडीतून उतरला की जुगाराच्या यंत्रांपाशी! तोट्यामुळे १९९७ साली ही गाडीही बंद पडली. आज २२ लाखांहून अधिक वस्तीच्या या जिल्ह्यात उतारूंची एकही नियमित आगगाडी नाही.

कॅसिनोवाल्यांना गाडी हवी असणे स्वाभाविक आहे. युरोपातही १८६८ साली नीसकडून मोनॅकोपर्यंत रूळ आले आणि मग माँटे कार्लोच्या द्यूतगृहाची खरी भरभराट झाली. लास व्हेगासच्या गिऱ्हाइकांत दक्षिण कॅलिफोर्नियाचा वाटा फार मोठा. त्यात २००० साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तेथील मूळ रहिवासी जमातींना आपापल्या भूमीवर कॅसिनो चालविण्याची मुभा दिली. म्हणजे घराजवळच पट मांडलेला असताना चार तासांचे वाळवंट कोण तुडविणार?

तथापि नव्या गाडीच्या योजना त्याही आधीच्या. १९८८ साली दोन्ही राज्यांचा एक आयोग नेमला गेला. चुंबकाच्या बळावर अधांतरी धावणारी गाडी अनाहाइम ते लास व्हेगास न्यावयाची, असा त्याचा संकल्प. एका टोकाला मुलांचे डिस्नेलँड, दुसऱ्या टोकाला थोरांचे! दोन दशके अभ्यास झाले, रूळ मात्र पडले नाहीत. नेवाडाचे सिनेटर हॅरी रीड यांनी २००९ मध्ये त्या योजनेवरील हात काढून घेतला आणि 'डेझर्ट एक्सप्रेस' या खाजगी योजनेच्या पाठीवर ठेवला. रीड हे पूर्वी राज्याच्या द्यूतनियंत्रण आयोगाचे अध्यक्ष होते. आणि नव्या योजनेचे प्रमुख अँथनी मार्नेल यांच्या कंपनीने मिराज, बेलाजिओ यांसारखी बडी कॅसिनो-हॉटेले बांधलेली. मात्र ही गाडी थांबणार होती व्हिक्टरव्हिलला, म्हणजे कहोन घाटाच्या अलीकडे, वाळवंटातच. लॉस एंजेलिसच्या माणसाने घाट मोटारीने चढावा आणि मग गाडीत बसावे! तिच्यासाठी सरकारकडे सुमारे साडेपाच अब्ज डॉलरचे कर्ज मागितले होते. डबे अमेरिकेतच बनविण्याची अट पुरी होईना, तेव्हा २०१३ साली अर्जाचा विचार थांबला. २०१५ मध्ये चिनी रेल्वे कंपनीशी भागीदारी ठरली, ती वर्षभरात मोडली.

सध्याची योजना 'ब्राइटलाइन वेस्ट' या खाजगी कंपनीची आहे. २१८ मैलांचा मार्ग बहुतेक महामार्गाच्या मधल्या पट्ट्यातून जाईल आणि ही गाडी घाट उतरून रँचो कुकामाँगाला पोहोचेल, जेथून लॉस एंजेलिसची लोकल मिळते. प्रवास दोन तासांच्या थोडा वर. केंद्र सरकारने तीन अब्ज डॉलरचे अनुदान दिले. पहिली कुदळ पडली तेव्हा खर्च १२ अब्ज सांगितला जाई. २०२५ मध्ये तो २१ अब्जांच्या पुढे गेला आणि गाडी सुरू होण्याचा वायदा २०२९ अखेरपर्यंत लांबला.

गाडी व्हावी, असेच मला वाटते. त्या रांगेत अडकलेला कोणीही हेच म्हणेल. परंतु 'डेझर्ट विंड' लास व्हेगासला संपत नसे. ती पुढे कॅलिएंटी, मिलफर्ड अशा लहान गावी थांबत सॉल्ट लेकला जाई. नवी गाडी द्यूतनगरीच्या दाराशी येऊन उभी राहील. शुक्रवारी येऊन रविवारी परतणाऱ्या पाहुण्याची तिने उत्तम सोय केली आहे. कॅलिएंटीच्या म्हातारीला सॉल्ट लेकच्या लेकीकडे जायचे असेल तर तिचा विचार कोणत्याच आराखड्यात मला दिसला नाही. सार्वजनिक तिजोरीतून तीन अब्ज देताना एवढे तरी कोणी विचारावयास हवे होते.

परतण्याच्या आदल्या रात्री भाच्याने ते जुने हॉटेल दाखविले. पुढल्या बाजूला दिव्यांचा झगमगाट. मागे अंधारात रूळ अजून आहेत, त्यांवरून मालगाड्या जातात. आम्ही उभे होतो तेवढ्यात एक आली. शंभरावर डबे असावेत. भाच्याने घड्याळ पाहिले. मी डबे मोजू लागलो. आजोळी जाताना खांडव्याच्या फलाटावर मोजीत असे तसेच.