नऊ एकांचा मनोरा
(संख्यांच्या गावी : लेखांक ११)

मागच्या आठवड्यात नुसत्या एकांनी बनलेल्या संख्या पाहिल्या. त्यातल्या नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ हाती येते. एकं, दहं करत चढलं तर तिचा शेवटचा आकडा ‘मध्य’ या स्थानी बसतो, परार्धाच्या एकच पायरी खाली. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर अशा संख्यांना डेमलो म्हणत. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या त्या नावाच्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली होती. रचना डोळ्यांना सुखावते खरी, पण तिच्यात गणित किती आणि आकड्यांची आरास किती, अशी शंका कोणी काढली तर ती रास्तच आहे. इंग्लंडचे गणितज्ञ हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्यांना (दोन्ही आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असतात) कोड्यांच्या सदरात धाडलं, ते याच शंकेपोटी.

आक्षेप असा, की हा गुण संख्येचा नव्हे, तिला दहाच्या पायाने लिहिण्याचा. अर्धा मान्य. पण गुणाकार पाटीवर मांडून तर पाहा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक, पुढच्यात दोन, मधोमध नऊ, मग उतरण. हातचा कुठेच नाही. आकड्यांची बेरीज ८१ का, तेही इथेच दिसतं: पाटीवर एकच मुळी तेवढे आहेत. यात दहाचा संबंध कुठे आला? ० ते ४ एवढेच आकडे वापरणाऱ्यांनी ११११ चा वर्ग केला, तर त्यांनाही १२३४३२१ च मिळेल; आपल्या हिशेबी तो १५६ चा वर्ग, २४३३६. मनोरा किती उंच जाईल, एवढंच पाया ठरवतो. आपल्याकडे दहावा एक जोडला की मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ मध्ये चढणीवरचा ८ गायब होतो.

तरीही हे लिखाणाचंच कौतुक, असं कोणी म्हणेल. मग हैदराबादच्या जीपीओचा पिनकोड ५००००१ घ्या: आकड्यांची बेरीज ६, म्हणून ३ ने भाग जातो. ही कसोटीही दहाच्या पायावरच उभी आहे, पण ३ ने भाग जाणं हा गुण कोणत्याही पायात टिकतो. तसंच नऊ एकांची बेरीज ९, म्हणून त्या संख्येला ९ ने भाग जातो आणि तिच्या वर्गाला ८१ ने. उरलेले मूळ अवयव ३७ आणि ३३३६६७, दोन्ही दोनदा. ते मात्र नुसत्या नजरेला दिसत नाहीत.

हैदराबादेतल्याच माधापूरच्या एखाद्या कचेरीत ही वर्गसंख्या एक्सेलच्या घरात टाइप केली, तर पंधरा आकड्यांपुढचं सगळं शून्य होऊन १२३४५६७८९८७६५४३०० उरते. आतलं यंत्र दोनच्या पायाने चालतं, आणि तिथे दुसऱ्याच एकाला हातचा येतो: ११ गुणिले ११, बरोबर १००१.